एकमताने ‘चालेल’

आमच्या कॅनडातल्या एडमंटनच्या ज्येष्ठ मराठी मंडळात एका रिटायर्ड प्रोफेसरांनी महायुद्धातली गोष्ट सांगितली. ऑस्ट्रेलियातल्या छावणीतून जपानी कैदी एकदम पळाले, काटेरी तारांवर ब्लँकेटं टाकून, हातात बेसबॉलच्या बॅटी घेऊन. आधी म्हणे प्रत्येक बराकीत मत घेतलं होतं. कित्येकांना जायचं नव्हतं, पण पहिलं ‘नको’ म्हणणार कोण? गेले, आणि कितीतरी मेले.

“काय बाई, एकालाही बोलता आलं नाही?” मंडळी हळहळली. आम्ही शहाणे ना!

लगेच सेक्रेटरी उठले. “जानेवारीची पिकनिक गोठलेल्या तळ्यावर. चालेल ना?”

“चालेल, चालेल!” झाली आमची लोकशाही. माझा गुडघा नुकताच बदललेला. बर्फावर घसरले तर पुन्हा उभी राहते कसली! तरी माझ्याही तोंडात ‘चा’ आलाच होता, तो गिळला.

“मला नाही चालणार,” मी म्हटलं.

आमचे हे छताकडे बघायला लागले.

“वहिनी, सगळे तयार आहेत हो!” सेक्रेटरी म्हणाले.

तेवढ्यात मागून कुणीतरी कंबरेची तक्रार केली. मग काय, बघता बघता अख्ख्या हॉलचे गुडघे दुखायला लागले.