खालून उघडी अंगठी

आखातातल्या डिस्कव्हरी गार्डन्समध्ये आमच्या समोरच्या फ्लॅटात राहणारे भानुदासभाऊ म्हणजे चालतंबोलतं प्रदर्शनच. धंदा एसीच्या डक्टचा, पण खरी जबाबदारी बोटांतल्या अंगठ्यांची ग्रहमाला सांभाळण्याची. पोवळ्यामुळे ट्रेड लायसन्स मिळालं, पुष्कराजामुळे मुलगी झाली (त्यात संध्यावहिनींनीही थोडे कष्ट घेतले होते, पण ते असो), पाचूमुळे पार्टनर पळाला ते बरंच झालं. मधल्या बोटात नीलम, शनीसाठी. तो आधी उशाखाली ठेवून, पडलेली स्वप्नं गुरुजींना व्हिडिओ कॉलवर सांगून मगच घातलेला. व्हिसा देताना माणसाचीसुद्धा इतकी चौकशी होत नाही.

अशा माणसाच्या मुलीने, मिहिकाने, कलेचा इतिहास शिकावा आणि अबुधाबीच्या एका म्युझियममध्ये गाईड म्हणून उमेदवारी करावी, हे एकाही ग्रहाने आधी कळवलं नाही.

"जुने दगड लोकांना दाखवायचे, ही काय नोकरी झाली?" असं भाऊ हात नाचवत विचारायचे, आणि त्या नादात चार दगड सगळ्यांना दाखवायचे.

शेवटी बापलेकीत ठरलं. म्युझियमच्या वरिष्ठांसमोर एक टूर तिने परीक्षा म्हणून घ्यायची. पास झाली तर नोकरी पक्की. नापास झाली तर खलास, बाबांच्या ऑफिसात डक्टची कोटेशनं.

परीक्षेला वहिनींबरोबर मीही भाऊंच्या गाडीतून गेले. विषय, मध्ययुगातल्या युरोपची रत्नं. मिहिका पुढे, तिची वरिष्ठ झारा मागे पेन घेऊन, चेहऱ्यावर काहीही न दाखवता.

रत्नजडित क्रूसापाशी मिहिका सांगू लागली. तेव्हाच्या लोकांना नीलम म्हणजे साक्षात स्वर्गाचा रंग, म्हणून तो देवाच्या वस्तूंवर. माणकाचा लाल म्हणजे सांडलेलं रक्त. पाचूकडे पाहिलं की डोळे निवतात आणि जांभळा खडा घातला की दारू चढत नाही, अशी श्रद्धा. पोरगी जीव तोडून सांगत होती. लोक फोन बघत होते. एकाने कॅफे कुठे आहे ते विचारलं.

"कितने अंधविश्वासी थे ये लोग!" एक बाई म्हणाल्या. सगळे हसले. सर्वात मोठ्याने भानुदासभाऊ.

"खडा घातला की चढत नाही म्हणे! अडाणीच की!" त्यांनी वहिनींना कोपराने ढोसलं. वहिनींनी फक्त त्यांच्या बोटांकडे पाहिलं.

पुढे एका काचेत नीलमाची अंगठी उलटी ठेवलेली होती. "ही खालून उघडी आहे. का असेल?" मिहिकाने इंग्रजीत विचारलं. दोघेजण पुढच्या काचेकडे निघाले. झाराचं पेन चालू लागलं.

"अरे, स्किन को टच होना मांगता ना!" भाऊंना राहवलंच नाही. "नाहीतर इफेक्ट कसा येणार? सोनाराला आधीच सांगायचं असतं!"

सगळ्या माना वळल्या. भाऊंनी घाईघाईने हात खिशात घातला.

"बाबा, प्लीज. शो देम युअर्स."

"ती काढायची नाही. गुरुजींनी..."

पित्ताशयाच्या ऑपरेशनलाही काढली नव्हती. नर्सने वरून पट्टी गुंडाळली होती. भाऊंनी लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. मग पाठ फिरवून, पिळून पिळून, त्यांनी ती बोटातून ओढली आणि तळहातावर उलटी धरली. दिव्याचा उजेड खड्यातून उतरला आणि हातावर निळा ठिपका पडला.

"सेम आयडिया," मिहिका हळूच म्हणाली, "स्टिल अलाइव्ह."

फोन खिशांत गेले, माणसं पुढे सरकली. प्रश्नांमागून प्रश्न. आणि त्या मघाच्या बाई भाऊंच्या कानाशी लागल्या, "भाईसाहब, कन्या राशि को चलेगा?" झाराही लिहायचं सोडून मान उंचावून बघत होती.

नोकरी पक्की झाली. गाडीत मिहिका म्हणाली, "थँक्स, बाबा."

"मला कशाला? नीलमाला म्हण. बघ, लगेच फळ दिलं!"

इतकी वर्षं बोटात असताना न मिळालेलं फळ दोन मिनिटं बाहेर काढल्यावर मिळालं, हे मी बोलले नाही. परतीचं अंतर लांब होतं आणि गाडी त्यांची होती.

"जॉइन कधी व्हायचंय?"

"मंडे."

"सोमवारी नऊपर्यंत राहुकाळ. त्याआधी पाय टाकायचा नाही."

"बाबा, म्युझियम ओपन्स ॲट टेन."

भाऊंनी समाधानाने अंगठी बोटात नीट बसवली. "बघितलंस, संध्या? जाणकार लोक आहेत."