विशेषणांचे पाढे

माझं बारावीचं इंग्रजी राहिलं होतं, तरी लग्न मात्र झालं. केदारखेड्याच्या सासऱ्यांनी मुलगी दिली ती ‘जावई डीएड करून मास्तर होणार’ या बोलीवर, आणि सुपारी फुटल्यापासूनच ते मला गुरुजी म्हणू लागले. त्यांचं ऐकून आमचं टेंभुर्णी गावही म्हणू लागलं. उरलं होतं फक्त पास होणं.

आमच्या शिकवणीच्या सरांची एक पद्धत होती. पोरं जी इंग्रजी विशेषणं हटकून एकमेकांच्या जागी घालतात, त्यांच्या जोड्या लावायच्या आणि पाढ्यासारख्या म्हणायच्या. टायर्ड-टायरिंग, एक्सायटेड-एक्सायटिंग... पार शेवटाकडे बोअर्ड-बोअरिंग. एक आपल्याला होतं ते, दुसरं ज्याच्यामुळे होतं ते. हे सरांनी एकदा सांगितलं. ताल मात्र रोज धरायला लावला. मी ओसरीवर डोलत म्हणायचो. वडलांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण ताल चुकला की त्यांना बरोबर कळायचं.

"आरं, मधीच कामून थांबला? म्हण पह्यल्यापासून."

परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. धडा रटाळ म्हणून मुलगा कंटाळला. कंसातला योग्य शब्द निवडा. जोडी यादीच्या शेवटाकडची होती, आणि मला मधूनच काही येत नव्हतं. सुरुवातीपासून मनात म्हणत आलो. जोडी आली ती एका दमात, दोघं हातात हात घालून. त्यातला एकटा कोणी बाहेर येईना. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. पुन्हा तेच.

पर्यवेक्षक जवळ आले. "काय पुटपुटून राह्यले? शेजारच्याला सांगता काय?"

"न्हाई सर, मलाच सांगून राह्यलो."

"मंग मनात सांगा."

घंटा झाली तेव्हा निबंधाचं पान कोरं होतं.

निकालाच्या दिवशी वडील फाट्यावरच उभे. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं. "बिलकुल अडखळत नव्हता की रे," एवढंच म्हणाले.

मग ऑक्टोबर, मग मार्च, पुन्हा ऑक्टोबर. बायको आधी म्हणायची, "व्हईल आवं पुढच्या खेपंला." नंतर म्हणेनाशी झाली. तेच मला जास्त लागलं. डीएडचं वयही निघून गेलं, तेव्हा पिठाची गिरणी टाकली. पट्ट्याच्या तालावर जोड्या अजून आपोआप सुरू होतात, आणि आता एकही चुकत नाही.

केस पिकले, नाव तेवढं राहिलं. परवा गावात नवीन आलेली एक सून दळण घेऊन आली. दळण होत आलं तशी आदराने पदर सावरत म्हणाली, "गुरुजी, कोणत्या शाळेवरून रिटायर झाले तुम्ही?"

पट्टा चालू होता. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

बायकोने पिठाचा डबा उचलून त्या सुनेच्या हातात दिला. "दळण झालं बाई तुझं," ती म्हणाली. "जाय."