जाऊबाईंच्या खिडकीतली मोजणी

आमच्या गल्लीला एखाद्याचं भलं करायला सांगावं आणि मग गंमत बघावी. आठवडाभरात तो माणूस हात जोडून म्हणेल, बाबांनो, वाईट करा, पण हे थांबवा.

आमच्या मागच्या मोकळ्या जागेवर बारा मजली इमारत येणार होती. तिच्या तळघरातल्या पार्किंगची हवा बाहेर फेकणारे मोठे पंखे नकाशात नेमके आमच्या बाजूला काढले होते, माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या खिडकीखाली. जाऊबाई हॉस्पिटलात नर्स, कायमच्या रात्रपाळीवर. त्या दुपारी झोपतात, त्याच खोलीत. पंखे तिथे आले की झोप संपली, आणि झोप संपली की नोकरीही.

शेजाऱ्यांना आवाजाचा किती त्रास होईल ते ठरवायला बिल्डरने एक मोजणीवाले पाठवले. पन्नाशीचे, काटकुळे, पायात रबरी तळव्यांचे बूट. किल्ल्या रुमालात गुंडाळलेल्या, का तर त्यांची खुळखुळ नोंदली जाईल! बावीस वर्षं दुसऱ्यांचे आवाज मोजून स्वतः बोलायचं जवळजवळ विसरलेले. जाऊबाईंच्या खिडकीबाहेर त्यांनी यंत्र बसवलं आणि पुटपुटले, "सात दिवस राहील. तुम्ही नेहमीसारखं राहा."

एवढं साधं वाक्य. पण आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना साधं वाक्य पचत नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना गोळा केलं. "इथे आधीच किती गोंगाट आहे ते कळू दे त्यांना! म्हणजे आणखी आवाजाला जागाच नाही म्हणतील." लगेच वेळापत्रक तयार. अकरा ते बारा मास्तरांचा रेडिओ, बारा ते एक पहिल्या मजल्यावर ड्रिल, एक ते दोन माझा मिक्सर, पुढे स्कूटर. मध्ये खंड पडता कामा नये. मी गॅलरीत मिक्सर फिरवला, तोही रिकामा. तिसऱ्या दिवशी जळाला, तर शेजारणीचा मागून आणला. जाऊबाईंसाठी एवढंही करायचं नाही का?

पाचव्या दिवशी सकाळी मोजणीवाले बॅटरी बदलायला आले. भिंतीवरचं वेळापत्रक त्यांनी वाचलं, यंत्रातले आकडे पाहिले आणि कपाळावर हात मारला.

"हे काय चालवलंय तुम्ही?"

"अठ्ठावन्न डेसिबल आले ना?" सेक्रेटरींची छाती फुगलेली.

"आले की! अहो, इथे आज जेवढा आवाज असतो, त्याहून फक्त पाचने जास्त आवाजाची परवानगी पंख्यांना मिळते. इथली शांतता दिसली असती, तर पंखे इथे बसलेच नसते. तुम्ही त्यांना त्रेसष्टची परवानगी काढून देताय!"

म्हणजे आम्ही आपल्याच पायावर धोंडा पाडून घेत होतो, आणि तोही वेळापत्रकाप्रमाणे. बिल्डरचा माणूस अर्थातच खूश. आकडे झकास आहेत, अहवाल देऊन टाका, म्हणून तो फोनवर फोन करत होता. मोजणीवाल्यांनी त्याला सांगितलं, "मुद्दाम केलेला आवाज मी धरत नाही." आणि पहिल्यापासून मोजायला घेतलं.

मग सेक्रेटरींनी दुसरं टोक गाठलं. मुलांनी खेळायचं नाही, भाजीवाल्याने ओरडायचं नाही, जिन्यात चपला हातात घ्यायच्या. मास्तरांनी शिंक दाबली आणि दिवसभर कान धरून बसले. मोजणीवाल्यांनी तेही दिवस रद्द केले. "मुद्दाम केलेली शांतताही चालत नाही हो. नेहमीसारखं राहा, पाया पडतो तुमच्या!" आता नेहमीसारखं म्हणजे कसं, हेच कुणाला आठवेना. माझं डोकं फिरायची वेळ आली. शेवटी सेक्रेटरी आठवडाभर मुलीकडे गेले आणि गल्ली आपोआप ताळ्यावर आली. आकडा आला त्रेचाळीस. पंखे पलीकडे, हमरस्त्याच्या बाजूला गेले. त्या बिल्डरने मोजणीवाल्यांना पुन्हा काम दिलं नाही, हे मला नंतर कळलं.

मोजणीवाले यंत्र काढायला आले तेव्हा मी म्हटलं, "तुमच्यामुळे आमच्या ताईंची झोप वाचली."

ते हसले नाहीत. "यंत्र नुसतं मोजत नाही, आवाज साठवूनही ठेवतं. रद्द केलेले ते पहिले चार दिवस मी घरी ऐकले. या खिडकीची कडी सारखी वाजते. आतून कुणीतरी उठून खिडकी घट्ट लागते का बघतंय. तिसऱ्या दुपारी चौदा वेळा. त्यातल्या सहा वेळा एक ते दोनच्या मध्ये, मिक्सर चालू असताना."

ते गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. जाऊबाई भाजी चिरत होत्या.

"ताई, आमचा तो गोंधळ चालला होता तेव्हा तुम्ही झोपत होतात का?"

"नाही गं."

"मग बोलला का नाहीत?" मला भयंकर राग आला, आणि तोही त्यांचाच.

"सगळे माझ्यासाठीच करत होते ना. कुठल्या तोंडाने सांगणार?" त्यांनी सुरी खाली ठेवली. "चौथ्या रात्री सात नंबरच्या कॉटचं इंजेक्शन मी नऊ नंबरच्या बाईंना द्यायला गेले. दंडाला कापूसही लावला होता. त्या जाग्या होत्या म्हणून बरं. त्यांनीच विचारलं, सिस्टर, मला तर इंजेक्शन नव्हतं ना?"