सासूच्या कानावर घातलेली गोष्ट

आगबोटीपर्यंत माणसं नेणारा पडाव निघाला तेव्हा आये रत्नागिरीच्या बंदरावर गुडघाभर पाण्यात उभी होती. लुगडं भिजलं तरी मागे सरेना. माझं लग्न नुकतंच झालेलं. शेजारी हे, पायाशी ट्रंक, आणि पोटात सकाळपासून ती ओळखीची कळ. आयेने पडावाची कड धरली, माझ्या कानाशी तोंड आणलं आणि म्हणाली, "विहीणबाईंच्या कानावर घातलंय हां मी सगळं. तू आपणहून तोंड उघडू नको गो बाय. नव्या नवरीला शोभत नाही." मी मान हलवली. त्या बोलण्याच्या भरवशावर मी मुंबईला गेले.

वाडीतल्या बायांनो, तुम्ही तिथेच राहिलात आणि माझ्यासारख्या काही जणी गिरगाव-परळला आल्या. सगळ्यांनाच विचारते, 'सगळं' म्हणजे काय ते तुम्हाला तरी ठाऊक होतं का? नहाण आल्यापासून माझे ते दिवस साधे नव्हतेच. बाकीच्या पोरी बाहेर बसल्या की सागरगोटे खेळायच्या, खिदळायच्या. मी जमिनीला पाठ लावून लोळायची, ओकायची, दातखीळ बसायची. आयेने त्यावर एक रीत बसवली होती. मागच्या पडवीत चटई, गोणपाटात गुंडाळलेली तापलेली वीट, उकड्या तांदळाची पेज, वर तुपाचा थेंब, कुळथाचं कढण. आंबट बंद, तळलेलं बंद, सुकी मासळी तर नावालासुद्धा नाही. मग न्हाऊन घरात आले की म्हणायची, "आता पाय मोकळे कर," आणि धाकट्या सुमीला बरोबर देऊन मला किनाऱ्याने फिरायला पाठवायची. पाणी, दळण, भातकापणी त्यानंतर. विटाळ म्हणून मला कुणी शिवत नसे, तसं कुणी उठवतही नसे. त्याची किंमत मला मुंबईत कळली.

गिरगावात चाळीतली दीड खोली. पहिल्याच महिन्यात मी कोपऱ्यात जाऊन बसले तर हे हसायला लागले. "ऊठ गं, आमच्याकडे असलं काही पाळत नाहीत!" हे सुधारक मताचे, सभांना जाणारे. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! चुलीपाशी जायचं, देवाला हात लावायचा, आपण आता शहाण्या माणसांत आलो! आणि मग त्याच शहाणपणापायी मी त्या दिवसांत खालच्या नळावरून हंडे चढवले, कणीक तिंबली आणि शेगडीपाशीच आडवी झाले. सासूबाई म्हणाल्या, "पाहुण्यासारखं निजून संसार कसा व्हायचा गं?" ह्यांचं दुसरंच. "रोज नमस्कार घाल. शरीर कमावलं की दुखणं पळतं." पळतंय डोंबल! दात-ओठ खाऊन मी त्या दिवसांतही नमस्कार घातले आणि एकदा घालता घालता डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडले.

ह्यांना मी माफ केलं, त्यांना बिचाऱ्यांना काय कळणार. राग होता तो सासूबाईंवर. ह्या बाईला सगळं ठाऊक आहे, आयेने नीट सांगितलंय, तरी ही मला उठवते? बाई आहे की दगड? त्यांच्या हातचा घास गिळवत नसे. मी मनातल्या मनात त्यांना इतक्या शिव्या दिल्या आहेत की आता आठवलं तरी लाज वाटते.

वर्षं गेली, मूल झालं नाही. नात्यातली माणसं ह्यांच्यासाठी दुसरी मुलगी बघा म्हणू लागली. एका दुपारी मी पोट धरून भिंतीशी वळकटी होऊन पडले होते. सासूबाई तिथे उभ्या राहून ओरडल्या, "तुला होतंय तरी काय, ते एकदाचं सांग!"

"तुम्हाला माहीत आहे की," मी म्हटलं. "आयेने सांगितलंय."

"मला? कधी? पोर धडधाकट आहे, दोन माणसांचं काम एकटी उपसते, एवढं सांगितलं तुझ्या आयेने. देवाशपथ!"

मग त्या हातातला डाव ठेवून माझ्याजवळ जमिनीवर बसल्या आणि केव्हापासून, कुठे, कसं, ते सगळं विचारलं. त्याच आठवड्यात त्यांनी खोलीच्या कोपऱ्यात जुनी चादर बांधली. "विटाळ नाही हो, निजायला," त्या ह्यांना म्हणाल्या. दुसऱ्या मुलीची गोष्टही त्यांनीच बंद केली. मी पुन्हा रीत बसवली, पण मुंबईची. विटेऐवजी गरम पाण्याची बाटली, पेज तीच, चहा कमी. दळण, चादरी धुणं बऱ्या दिवसांत उरकून ठेवायचं. नमस्कारही बऱ्या दिवसांतच आणि झेपतील तेवढेच. संध्याकाळी चौपाटीवर सावकाश चक्कर. दुखणं गेलं नाही. बाईडॉक्टरलाही त्याचं नाव सांगता आलं नाही. पण मी पडेनाशी झाले.

मग सुमीचं लग्न ठरू लागलं म्हणून मी बोटीने रत्नागिरीला गेले. मागच्या पडवीत सुमी पोटाशी वीट धरून पडलेली! आणि आये तिला समजावत होती, "मी त्यांच्या कानावर घातलंय, तू तोंड उघडू नको."

मी आयेला चुलीपाशी गाठली. ती मासळी साफ करत होती, हात थांबला नाही. "सांगितलं असतं तर तुला कुणी केली असती गो? तू घरात बसली असतीस, सुमीचंही अडलं असतं. आयेने करायचं काय?" जिने स्वतःच्या हाताने वीट तापवली, तिनेच मला फसवलं. परक्याने फसवलं असतं तर मी चार शिव्या घालून मोकळी झाले असते.

मुरुडहून मुलाची आई आली तेव्हा मी भर ओटीवर त्यांना सांगितलं, "सुमीला दर महिन्याला निजावं लागतं. चालत असेल तर पुढे बोला." त्या सरबत संपवून उठल्या. वडिलांनी, आबांनी, तोंड फिरवलं. आये म्हणाली, "तू आमच्यावर उलटलीस. आता ह्या दारात येऊ नको." आणि सुमी, जिच्यासाठी मी बोलले ती सुमी, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुला कुणी सांगितलं होतं बोलायला?"

पुढे मंडणगडकडच्या एका बिजवराला तिला दिली. आधी सगळं सांगून, असं ऐकलं. तिकडची एक बाई आमच्या चाळीत येते. ती सांगते, त्या दिवसांत सुमीची सासू तिला उठू देत नाही, पेज करून घालते. सुमी मला पत्र पाठवत नाही.

रत्नागिरीचं कुणी भेटलं की विचारतं, घरी कधी येणार? मी सांगते, घरीच तर आहे. दुखतंय असं जिथे मोठ्याने म्हणता येतं ते घर, असं मी ठरवून टाकलंय आणि ते खोटंही नाही. परवाच कळ आली तेव्हा सासूबाई चाचपडत आल्या. आता त्यांना नीट दिसत नाही. पाठीवर हात फिरवून म्हणाल्या, "ओरड हवं तर, कोण ऐकतंय?" मी ओरडले. आणि तोंडातून आलं ते 'आये गो'च.