विणकरांच्या गल्लीतली हाक

करकंबच्या मंडळींनो, हे पत्र पारावर मोठ्यानं वाचा. मला तुम्हा सगळ्यांनाच विचारायचं आहे.

पोराकडं सोलापुरात येऊन महिना झाला. आज दुपारी शहर बघायला एकटाच निघालो आणि विणकरांच्या गल्लीत वाट चुकलो. घराघरात हातमाग. खटखट इतकी, की स्वतःचा खोकला ऐकू येईना.

तेवढ्यात पाठीमागून हाक आली, "अवो, तिकडं कुटं निघालाव?"

आमच्या हिचाच आवाज. ती जाऊन वर्ष झालं, तुम्हीच खांदा दिलात.

आपली रीत तुम्हाला ठाऊक आहे. न दिसणाऱ्याच्या पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, कारण जितं माणूस पुन्हा हाक मारतंच. म्हणून मी वळलो नाही. दुसऱ्या हाकेची वाट बघत उभा राहिलो. ती आली नाही.

दारातल्या विणकराला विचारलं, तर तो हसला. "आजोबा, ह्या आवाजात हाक ऐकू येते होय? आम्ही बायकोला बोलवायचं तर आधी माग थांबवतो!"

घरी सुनेला सांगितलं. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला. "मामा, आत्याबाईंनी कदी दोनदा हाक मारली व्हती का? एकदा बोलायच्या. न्हाय ऐकलं, की रुसून बसायच्या."

तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. ओ दिली असती, तर तिनं मला नेलं असतं. दिली नाही, म्हणून ती तिथंच रुसून बसली असेल तर? तिनं सोलापूर कधी बघितलेलंही नाही.

मंडळी, उद्या त्या गल्लीत परत जाऊ का?