रिकाम्या जागेची पानं

आधी पत्त्यांच्या कॅटमधून चारही दश्श्या काढून बाजूला ठेवायच्या. इथंच लोक चुकतात. मुलाच्या दुबईतल्या, मनखूलच्या घरी नातू संगणकावर एकवीसचा खेळ खेळत बसला होता. त्याला मी म्हटलं, "यात दश्श्या आहेत. हा तो खेळ नव्हे." तो मान न वळवता म्हणाला, "आजोबा, इट्स द सेम थिंग."

सेम नाही. मी तिसरीपर्यंतच शिकलो, पण जे मला येतं ते नीट येतं, आणि हा खेळ मला शिकवणारा माणूस जहाजावरच्या जुगारखान्यात अकरा वर्षं पानं वाटत होता.

दश्श्या काढल्या की अठ्ठेचाळीस पानं उरतात. राजा, राणी, गुलाम यांचे दहा-दहा. एक्का पाहिजे तर एक, पाहिजे तर अकरा. बाकीच्या पानांवर जो आकडा असेल तो. प्रत्येकाला दोन पानं. वाटणारा स्वतःचं एक उघडं ठेवतो, एक झाकून. तुम्ही एकवीसच्या जवळ जाईपर्यंत पानं मागायची. एकवीसच्या वर गेलात तर तिथंच हरलात. नेमके एकवीस झाले तर तिथंच जिंकलात, वाटणाऱ्याकडे काहीही असो. आणि तीन सत्त्यांनी एकवीस झाले तर जहाजावर थोडं जास्त देत, आमच्या खोलीत तिप्पट.

आता महत्त्वाचं. खेळणाऱ्याला डोकं चालवायची मुभा असते. वाटणाऱ्याला नसते. सोळापर्यंत त्याला पान घ्यावंच लागतं, सतरा झाले की थांबावंच लागतं. जहाजवाला मला गोव्याच्या बोलीत पात्राव, म्हणजे मालक, म्हणायचा. तो सांगायचा, "पात्राव, डीलरला मन नसतं. म्हणून शेवटी तोच जिंकतो."

हे सगळं नव्वदच्या पुढच्या वर्षांतलं. शारजाच्या औद्योगिक भागात आमच्या वर्कशॉपमागे कामगारांच्या खोल्या होत्या. आमच्या खोलीत सहाजण, तीन बंक. जहाजवाला गोव्याचा, आता आमच्या कंपनीत स्टोअर सांभाळायचा, टपालही त्याच्याच हातून यायचं-जायचं. मी लेथवर. माझ्या वरच्या बंकवर खेडचा एक माणूस, पाइप फिटर, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, मला भाऊ म्हणायचा.

आम्ही शुक्रवारी दुपारी खेळायचो, जेवणं झाल्यावर. पैसे लावून नाही. त्या देशात पैशानं पत्ते खेळला आणि सापडला की खलास. आम्ही चणे लावायचो. बाहेर त्या वेळी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसायचं. सगळी शटरं खाली. आठवडाभर लोखंड कापणारी यंत्रं गप्प झाली की कानात एक दडा बसायचा, आणि कुठल्यातरी गोदामाचा सुटलेला पत्रा वाऱ्यानं आपटत राहायचा. एकदा आपटून बराच वेळ थांबायचा. आम्ही पुढच्याची वाट बघायचो.

त्या वर्षी चण्यांना किंमत आली. वैशाखात प्रत्येक खोलीतल्या एकालाच रजा, असं खोल्यांवर देखरेख करणाऱ्या कॅम्प बॉसनं सांगितलं. कोण ते तुम्ही आपसांत ठरवा. माझ्या मुलीचं लग्न वैशाखात धरायचं चाललं होतं. मी ते कॅम्प बॉसला सांगितलं असतं तर कदाचित त्यानं सोडलं असतं. पण मी आयुष्यात कोणापुढं हात पसरला नाही. जहाजवाल्याला घरी कोणी नव्हतं, त्याला रजा नको होती. म्हणून तो वाटणार आणि आम्ही पाच खेळणार असं ठरलं. प्रत्येकाला चाळीस चणे. दिवाळीपासून चैत्रापर्यंत. शेवटच्या शुक्रवारी ज्याचा डबा जड तो जाणार.

तीनच शुक्रवार झाले आणि खेडच्या माणसाला कंपनीनं फुजैराहच्या कामावर पाठवलं. ट्रकमध्ये बसताना मला म्हणाला, "भाऊ, माझी पानं वाटत राहा. खंड पाडू नका."

"खेळणार कोण?"

"तुम्ही उचला. डीलरच्या नियमानं. सोळापर्यंत घ्या, सतराला थांबा. दर डावाला दोन चणे. मग कोणाचं मन मध्ये येत नाही."

माझ्या डाव्या हाताला त्याची जागा होती. तिथं आम्ही कोणी बसलो नाही. जहाजवाला पानं वाटताना तिथंही दोन टाकायचा, मी उचलायचो. जहाजावर एकवीसपेक्षा जास्त झाले की पानं उघडी टाकावी लागतात. पण आमच्याकडे त्या जागेचा आकडा मी तोंडानं सांगितला की पुरे व्हायचं. माझा शब्द चालायचा.

आणि ती जागा जिंकू लागली.

मी डोकं लावून खेळायचो, विचार करून थांबायचो, आणि हरायचो. डाव्या हातानं विचार न करता पानं उचलायचो, आणि तिथं वीस, एकवीस. समोरच्या बंकवरचा वेल्डर हसायचा, "काका, तुमच्यापेक्षा तुमचा डावा हात हुशार आहे." पुढं त्याचं हसणं थांबलं. एका शुक्रवारी त्या जागेनं सलग सात डाव घेतले तेव्हा तो म्हणाला, "आता पुरे आज," आणि आपली चटई ओढून दुसऱ्या बाजूला जाऊन बसला. तेव्हापासून त्या जागेच्या पलीकडे बसायला कोणी तयार नसायचं.

दुपारी मी पाठ टेकली की वरचा रिकामा बंक करकरायचा. सांगाडा एकच होता, माझ्या वजनानं करकरत असेल. पण मी कूस बदलताना नाही. मी अगदी स्थिर झालो की मग, एकदा, कोणीतरी वर कूस बदलल्यासारखा.

आता एक गोष्ट सांगतो जी तेव्हा खोलीत कोणाला ठाऊक नव्हती. मला वाचता यायचं, अक्षर अक्षर लावून. लिहिता येत नव्हतं. घरची पत्रं खेडचा माणूस लिहायचा, स्टोअरच्या मागं बसून, गुपचूप. बायकोला मी कळवलं होतं की इथं येऊन लिहायला शिकलो. ती गावात सगळ्यांना अक्षर दाखवायची. तो गेल्यावर पत्रं थांबली. दुसऱ्या कोणाला सांगायचं म्हणजे सगळं उघडं पडणार.

दीड महिन्यानं जहाजवाल्यानं माझ्या हातात बायकोचं पाकीट दिलं. मी गोदामाच्या सावलीत उभा राहून वाचलं. पहिली ओळ लावायला मला किती वेळ लागला ते सांगत नाही. तिनं लिहिलं होतं, तुमचं पत्र पोचलं, वाचून फार बरं वाटलं.

मी पत्र पाठवलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. त्या पुढच्या महिन्यात लिहिलं होतं, तुम्ही कळवल्याप्रमाणं वैशाखातली तारीख धरली आहे.

खेडच्यानंच लिहिली असणार, हे मला कळत होतं. पण त्याला विचारायचं कसं? फुजैराहला निरोप ट्रक ड्रायव्हरच्या तोंडी जायचा, म्हणजे चार माणसांच्या कानांतून. आणि तो काय लिहितोय हे मला माहीत नव्हतं. माझ्या घरात, माझ्या नावानं, कोणीतरी बोलत होतं आणि माझी बायको त्याला उत्तर देत होती. इकडं त्याची पानं मी खेळत होतो. संध्याकाळी दाढी करताना आरशात बघायला मला नको वाटायचं.

शेवटच्या शुक्रवारी सकाळपासून धुळीचं वादळ होतं. दुपारी एक वाजता खिडकी तांबूस झाली. दिवा लावला तरी माणसांचे चेहरे भाजल्यासारखे दिसत होते. बाकीच्यांचे डबे जवळजवळ रिकामे होते. शेवटचा डाव राहिला तेव्हा माझ्याकडे त्रेसष्ट चणे, डावीकडच्या डब्यात अठ्ठावन्न.

"यल्ला, चला, शेवटचा," जहाजवाला म्हणाला.

मी माझ्या डावात एकवीसच्या वर गेलो, दोन चणे गेले. एकसष्ट. त्या जागेनं हा डाव साधा जिंकला तर साठच होणार होते. मी डावीकडची पानं उचलली. सत्ती आणि सत्ती. चौदा. नियमानं पान घ्यायला हवं. मी घेतलं.

बदाम सत्ती.

तीन सत्त्या. तिप्पट. चौसष्ट.

पत्रा आपटायचा थांबला होता. मी ती तीन पानं जुळवली आणि उलटी खाली ठेवली.

"जास्त," मी म्हणालो.

कोणी काही विचारलं नाही. मी कधी खोटं बोललो नव्हतो. जहाजवाल्यानं उजवीकडून डावीकडे पानं गोळा केली, एका रांगेत, त्याच्या जुन्या सवयीनं. शेवटची तीन उचलताना त्यानं ती अंगठ्यानं किंचित उचकटली. मग म्हणाला, "रजा पात्रावची." वेल्डर म्हणाला, "सुटलो बुवा. ते जिंकलं असतं तर मी खोली बदलणार होतो."

त्या रात्री वरचा बंक वाजला नाही.

मी घरी गेलो. लग्न नीट झालं. पाहुणे पांगल्यावर बायकोनं ट्रंकेतून पत्रं काढली, त्याच्या हातची, फुजैराहहून आलेली चार, आणि मला वाचून दाखवायला बसली. माझीच पत्रं मला. मी मान डोलवत होतो. एकात लिहिलं होतं, आपली पोर लहान असताना उलट्या पायांत चपला घालून अंगणभर फिरायची, तिला सरळ घालायला शिकवलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं. हे खरं होतं. मला वाईट वाटलं होतं. पण हे मी खेडच्या माणसाला सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "एवढं मनात ठेवून होता तुम्ही?" मी झोपेत बोलत असेन. चार वर्षं तो माझ्या वर झोपत होता. दुसरं काय असणार.

शेवटच्या पत्रात लिहिलं होतं, रजेची काळजी करू नको. वरच्या बंकवाल्यानं कळवलंय, त्याच्या डब्यात जे साठेल ते माझं. मी येतोच.

परत गेल्यावर मी स्टोअरमध्ये जहाजवाल्यासमोर उभा राहिलो. त्यानं काही न विचारता खणातून कॅट काढला आणि उलट्या क्रमानं पानं मांडली. प्रत्येकाच्या जागी प्रत्येकाची. भांडण झालं तर डाव पुन्हा मांडता यावा म्हणून डीलर तशी गोळा करतो, हे त्यानं मला तेव्हा सांगितलं. डावीकडच्या जागेवर तीन सत्त्या आल्या. कॅट त्यानं त्या दिवसापासून पिसलाच नव्हता.

"त्याचा निरोप आला होता तुला?" मी विचारलं.

"आला होता. शेवटच्या डावानंतर उघड करायचा होता. त्याचे चणे तुझ्या डब्यात ओतायचे, असा."

"मग बोलला का नाहीस?"

"तू 'जास्त' म्हणालास. मग ओतायला काय राहिलं?"

"माझी लबाडी दिसली होती तुला."

"पात्राव, डीलर फक्त पानं वाटतो आणि गोळा करतो."

म्हणजे खरं बोललो असतो तरी रजा माझीच होती. हे मला आजही गिळवत नाही.

खेडच्या माणसाला कंपनीनं फुजैराहहून परस्पर ओमानला पाठवलं. तो खोलीत परत आला नाही. त्याची ट्रंक ट्रकनं गेली. मी त्याला पुन्हा पाहिलं नाही.

त्याला पत्र लिहायचं तर आता दुसऱ्याच्या हातानं लिहिणं शक्य नव्हतं. ती चार पत्रं मी घरून मागून आणली होती. शुक्रवारी दुपारी, पत्ते बंद झाल्यावर, मी त्यांच्यावर पातळ कागद ठेवून गिरवू लागलो. त्याचा अ, त्याचा क, त्याची लांब शेपटीची वेलांटी. वर्ष गेलं. खेडच्या पत्त्यावर मी पहिलं पत्र टाकलं, तीन सत्त्यांचं सगळं खरं लिहून. उत्तर आलं नाही. दुसरं टाकलं. तेही तसंच.

तिसरं पत्र बायकोला लिहिलं. कोणाची मदत न घेता, स्वतःच्या मनातलं, एक पान. आत्ता हे सगळं लिहितोय तेही त्याच अक्षरात, मला दुसरं येत नाही.

तिचं उत्तर महिन्याभरात आलं. अक्षर तुमचंच आहे, तिनं लिहिलं होतं. पण हे पत्र तुम्हाला कोणी सांगितलं? वाचताना परका माणूस बोलतोय असं वाटलं. पुढचं तुम्ही स्वतः लिहा.