खटला मागे घेताना

त्या बाईची साक्ष मी घेतली तो दिवस मला चांगला आठवतो, कारण त्या दिवशी मला माझ्या कामाचा अभिमान वाटला होता.

ती कुहीकडच्या एसटी गाड्यांवर कंडक्टर होती. वय पस्तिशीच्या आसपास, उजव्या डोळ्याच्या जागी काचेचा डोळा. सुट्टी असूनही खाकी घालून आली होती. "घरचेच कपडे घालायचे ना," मी म्हटलं, तर म्हणाली, "ड्युटीवर गेला ना डोळा, मॅडम. मंग ड्युटीच्याच कपड्यात सांगते."

खटला दोन वर्षांपूर्वीच्या एका बंदचा होता. एका गावाच्या अलीकडे लहान पुलापाशी, पुलियाजवळ, तिची गाडी अडवली होती. आत शाळेच्या मुली आणि भाजीवाल्या बाया. ती दारात उभी राहून "लेकरं आहेत आत, जाऊ द्या," म्हणत होती, तेवढ्यात दगड आले. काच फुटली आणि तिचा डोळा गेला. आरोपी पुष्कळ होते, पण तिने साक्षीत एकाकडे बोट दाखवलं. त्याने दगड मारला नव्हता. तो पुलियाच्या कठड्यावर उभा होता. त्याने हात उचलला, गाडी दाखवली आणि मग दगड आले.

आरोपीचे वकील नावाजलेले होते. दीड तास त्यांनी तिला उलटसुलट विचारलं. शेवटी म्हणाले, "बाई, एका डोळ्याने माणूस नीट ओळखू येतो का?"

"तवा दोन होते, साहेब," ती म्हणाली.

कोर्टात कोणी हसलं नाही. न्यायाधीशांनी ते उत्तर जसंच्या तसं टंकलेखकाला सांगितलं. साक्ष संपल्यावर ती "जयभीम मॅडम" म्हणून निघाली आणि मी जेवायला गेले. खटला उभा राहिला, असं मला तेव्हा वाटलं होतं.

पण मधल्या काळात कठड्यावरचा तो माणूस मोठा झाला. पूर्वी तो दुसऱ्यांच्या मागे चालायचा, आता त्याच्या मागे लोक चालायला लागले होते.

डिसेंबर आला. अधिवेशनासाठी सरकार नागपुरात उतरलं की या शहराचा चेहरा बदलतो. रस्त्यांवर बांबूचे अडथळे, चौकाचौकात पोलिस, मुंबई पासिंगच्या पांढऱ्या गाड्या. कोर्टात यायला मला रोज लांबचा वळसा पडायचा. त्याच आठवड्यात आमच्या वरिष्ठ सरकारी वकिलांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं आणि एक फाइल पुढे सरकवली. वर कंडक्टरच्या खटल्याचा नंबर होता.

राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घ्यायची यादी निघाली होती. अट एवढीच की आंदोलनात जीवितहानी झालेली नसावी.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. असा खटला सरकारला परस्पर मागे घेता येत नाही. सरकार फक्त सांगू शकतं. अर्ज त्या खटल्याच्या सरकारी वकिलाने द्यायचा असतो, तोही स्वतःच्या डोक्याने विचार करून. मग न्यायाधीश परवानगी देतात किंवा नाकारतात. आमचं पद ठेवलंय ते या एका विचारासाठी, असं मी नवीन वकिलांना शिकवत असे.

फाइलमध्ये अर्ज टाइप करून तयार होता. "मी या प्रकरणाची सर्व कागदपत्रे वाचून, स्वतंत्रपणे विचार करून, जनहिताच्या दृष्टीने या निष्कर्षाप्रत आले आहे की..." खाली माझं नाव, वडिलांच्या नावाच्या आद्याक्षरासकट. सहीची आणि तारखेची जागा तेवढी मोकळी होती.

"सर, डोळा गेलाय तिचा," मी म्हटलं.

"जीव नाही गेला." ते काही निर्दयपणे बोलले नाहीत. रकाना तपासून सांगावं तसं सांगितलं. "पुढच्या तारखेला देऊन टाका. आणि हो, तुमच्या नेमणुकीची मुदत मार्चमध्ये संपते ना?"

मी फाइल घेतली. पुढच्या तारखेला मी अर्ज दिला नाही. कागदपत्रं पाहायची आहेत, असं सांगून वेळ मागितला. त्याच्या पुढच्या तारखेलाही तेच.

त्या दिवसांत कोर्टाच्या शेवटच्या बाकावर एक माणूस येऊन बसायला लागला. पांढरा शर्ट, हातात काही नाही. ज्या खटल्यांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता, तेही तो शेवटपर्यंत ऐकायचा. मी मागे वळून पाहिलं की हात जोडायचा. बस्स, एवढंच. शिपायाला विचारलं, "कोण आहे हा?" तर तो म्हणाला, "काय माहीत मॅडम, कोर्ट तं सगळ्यांसाठी खुलं आहे."

मग फोन आला. चहाला बोलावलं होतं, सिव्हिल लाइन्समधल्या एका बंगल्यावर. जायला नको होतं. खटल्यातल्या आरोपीकडे सरकारी वकिलाने चहाला जायचं नसतं, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. पण फोन आरोपीचा नव्हता, वरच्या कार्यालयातून होता. आणि गेल्यावर खोलीत कठड्यावरचा तोच माणूस होता, एकटा.

त्याला मी फक्त आरोपीच्या जागेवर पाहिलं होतं. इथे तो उठून उभा राहिला. स्वतः चहा ओतला. साखर किती हे न विचारताच एक चमचा घातला. मी एकच घेते.

"ताई, तुमच्याबद्दल आदर आहे," तो म्हणाला. "तुम्ही अभ्यास करून राहिल्या, करा. घाई कोणाले आहे?"

मी कप उचलला.

"बाबांची अँजिओप्लास्टी झाली म्हणे. आता कसे आहेत? सकाळी फिरायले जातात ना? थंडीत नका जाऊ देऊ. आमच्या एका ओळखीच्याले असंच चालता चालता..." त्याने वाक्य सोडून दिलं आणि बिस्किटाची बशी माझ्याकडे सरकवली.

खटल्याचं नाव त्याने एकदाही घेतलं नाही.

त्या दिवशी मी तशीच धरमपेठेत घरी आले. माझे वडील मी वकील झाल्यापासून माझ्याकडेच असतात. सरकारी कचेरीत कारकून म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर कोणाच्या अध्यातमध्यात नव्हते, पण मी सरकारी वकील झाले तेव्हा माझा काळा कोट त्यांनी स्वतः इस्त्री केला होता. ते खुर्चीत बसून होते. टेबलावर सफरचंदांची पिशवी होती.

"कोणी आणली?"

"दोघं जणं आले होते. तब्येत विचारायले. तुह्या ऑफिसातले म्हणाले."

"नाव काय सांगितलं?"

"नाव नाई सांगितलं." बाबांनी पिशवी जरा दूर सरकवली. "पण माह्या गोयांचं नाव माहीत होतं त्यांले. सकाळची कोणती, संध्याकाळची कोणती. काहून वं, तू सांगितलं होतं का?"

मी नाही म्हटलं. मग सगळं सांगितलं. बाबांनी पूर्ण ऐकून घेतलं. मला वाटलं होतं ते रागावतील, निदान विचारतील की त्या बाईचं काय. त्यांनी विचारलं नाही.

"करून टाक सही," ते म्हणाले. "मी चाळीस वर्षं सायबानं सांगितलं तिथं सही केली. इचार करा, असं मले कोणी म्हटलंच नाई. तुले म्हणतेत, पण कराचा थोडीच असते."

सफरचंदं मी मोलकरणीला देऊन टाकली. सही दुसऱ्या दिवशी केली.

अर्जाच्या सुनावणीला न्यायाधीशांनी त्या बाईला नोटीस काढली होती. ती आली, याही वेळी खाकीतच. सोबत वकील नव्हता. मला पाहून ओळखीचं हसली आणि माझ्या बाजूच्या बाकावर येऊन बसली. अर्ज कशाचा आहे हे तिला नीट कळलंच नव्हतं.

न्यायाधीशांनी तिला विचारलं, "सरकार हा खटला मागे घेतंय. तुम्हाला काही म्हणायचंय?"

ती उठली. माझ्याकडे पाहिलं. "माह्या वकील मॅडम सांगतीन ना," ती म्हणाली.

"मॅडम सरकारच्या वकील आहेत. अर्ज त्यांनीच दिलाय."

तिला ते समजायला थोडा वेळ लागला. समजलं तो क्षण मी पाहिला, कारण मी तिच्या अगदी जवळ उभी होते. ती खाली बसली.

मग न्यायाधीश माझ्याकडे वळले. "अर्जात म्हटल्याप्रमाणे तुम्ही स्वतंत्रपणे विचार केला आहे?"

"होय, सर."

परवानगी मिळाली. सगळं मिळून दहा मिनिटंही लागली नाहीत.

ती मला जिन्यात गाठेल हे मला माहीत होतं. मी मुद्दाम उशीर केला, तरी ती थांबली होती. रडत नव्हती, भांडायलाही आली नव्हती.

"मॅडम, तुमी इचार केला म्हणता. काय इचार केला, तेवढं तरी सांगा मले."

मी आजूबाजूला पाहिलं. वर कोणी नव्हतं, खाली कोणी नव्हतं. मी तिला हळू आवाजात म्हटलं, "या आदेशाची नक्कल काढा. हायकोर्टात गरिबांना वकील फुकट मिळतो, तिथे जा. उशीर करू नका. माझं नाव घेऊ नका." खिडकी कुठली, अर्ज कसा, ते फाइलमधल्या एका रिकाम्या पाकिटाच्या मागे लिहून दिलं. तिने पाकीट घेतलं. आभार मानले नाहीत, ते बरंच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. अनोळखी, मऊ आवाज. "ताई, काल जिन्यात लय वेळ उभ्या होत्या म्हणे. तिथं हवा येते. काळजी घ्या."

मार्चमध्ये मला मुदतवाढ मिळाली. बार रूममध्ये पेढे वाटले गेले. कोणी आणले ते कळलं नाही. यादीतले आणखी खटले माझ्याकडे आले आणि मी तेही मागे घेतले. त्यांत कोणाचा डोळा गेला नव्हता, असं मी स्वतःला सांगत असे. खरं म्हणजे मी बघितलंच नाही. प्रत्येक वेळी न्यायाधीश विचारायचे, प्रत्येक वेळी मी होय म्हणायचे. पुढेपुढे ते उत्तर द्यायला मला उभं राहिल्याचंही भान नसायचं.

उन्हाळ्याची सुट्टी संपता संपता हायकोर्टाची नोटीस आली. बाईने तिथे दाद मागितली होती. अर्ज देताना सरकारी वकिलाने नेमका काय विचार केला, ते लेखी कळवावं, असं कोर्टाने विचारलं होतं.

"काळजी करू नका," वरिष्ठ म्हणाले. "मजकूर आपण देऊ." दोन दिवसांत तोही टाइप होऊन आला. माझ्या वतीने लिहिलं होतं की साक्षीदार एका डोळ्याने अधू असल्यामुळे तिने केलेली आरोपीची ओळख मला भरवशाची वाटली नाही.

तो कागद मी पुन्हा वाचला. ते वाक्य आरोपीच्या वकिलाचं होतं. माझ्यासमोर तिने त्याला उत्तर दिलं होतं आणि ते उत्तर रेकॉर्डवर होतं. आता तेच वाक्य माझा विचार म्हणून हायकोर्टात वाचलं जाणार होतं. सही मी आधीही केली होती, खोटंही बोलले होते. पण ते मोघम होतं. हे तिच्या तोंडावर मारलेलं होतं.

मी घरी येऊन हाताने एक पान लिहिलं. अर्जाचा मसुदा मला तयार मिळाला. मी स्वतंत्र विचार केला नव्हता. न्यायालयाला दिलेलं माझं उत्तर खरं नव्हतं. साक्षीदारावर अविश्वास ठेवण्याचं कोणतंही कारण मला तेव्हा दिसलं नव्हतं, आजही दिसत नाही. ते पान मी स्वतः जाऊन दाखल केलं आणि प्रतीवर पोच घेतली.

बाबांना वाचून दाखवलं. दुपारचे तीन वाजले होते. ते उठले, दाराची कडी लावून आले आणि पुन्हा खुर्चीत बसले.

हायकोर्टाने खटला मागे घेण्याचा आदेश रद्द केला. खटला पुन्हा चालवावा, असा हुकूम झाला. न्यायालयात खोटं उत्तर दिल्याबद्दल माझ्यावर कारवाई का करू नये, अशी नोटीसही मला मिळाली आहे, आणि ती रास्त आहे. वकिलीची सनद राहील की जाईल, सांगता येत नाही. माझ्या टेबलावरच्या फाइली आठवडाभरात दुसऱ्यांकडे गेल्या. चहाला आता मला कोणी हाक मारत नाही.

बाईचा फोन आला तो गेल्या महिन्यात. आवाज दबका होता.

"मॅडम, मी बदली मागून घेतली. आता बुटीबोरीकडच्या गाडीवर असते."

"का? काही झालं का?"

"काई नाई झालं. लोकं चढतेत, तिकीट घेतेत, चांगले बोलतेत. अन् उतरतानी माह्या पोरीच्या शाळेचं नाव सांगतेत."

मी विचारलं, पोलिसांत सांगितलं का. ती म्हणाली, "काय सांगू? शाळेचं नाव घेणं काई गुन्हा आहे का?"

मी वकील आहे. मला याचं उत्तर यायला हवं होतं.

"साक्ष द्यायला पुन्हा बोलावतील," मी म्हटलं. "याल ना?"

पलीकडे गाडीची घंटी वाजली, कोणीतरी सुट्टे मागत होतं.

"तारीख कवा आहे?" तिने विचारलं.

मी सांगितली. तिने मला ती पुन्हा एकदा, सावकाश सांगायला लावली.